नापास माल

डझनभर कप विकत आणले की त्यातला एक नाना फोडत. हातातून पडून फुटला, असं नव्हे. मोरीच्या कट्ट्यावर ठेवून ते त्याला लहान हातोडीचा एकच ठोका मारत आणि तुटलेली कड उजेडात धरून बघत. माती आतपर्यंत नीट भाजली गेली आहे की नाही हे कडेवर कळतं, असं त्यांचं म्हणणं होतं. उरलेले कप मग घरात वापरायला निघत. पाहुणे जास्त झाले आणि एखाद्याला चहा स्टीलच्या पेल्यातून द्यावा लागला, की त्यांच्या पत्नी, अक्का, पाहुण्यांदेखत सांगत, "याचा कप परीक्षेला बसला होता."

फुटलेल्या कपाचे तुकडे वाया जात नसत. ते तुळशीच्या कुंडीच्या तळाशी जात. त्या घरातली तुळस बरीच उंच जागी बसली होती.

नाना माझे घरमालक. जळगावातल्या एका दैनिकात मी वार्ताहर होतो तेव्हा त्यांच्या घराची वरची खोली माझ्याकडे भाड्याने होती. खोलीला लागून गच्ची. नाना औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात होते. तिथे प्लास्टिकच्या चटया तयार होत आणि बाहेर पडणारा माल पास करायचा की नापास, हे नाना ठरवत. सगळी हयात त्यांनी याच एका कामात काढली होती. त्यामुळे जगातल्या वस्तूंचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार होते. माणसांच्या बाबतीत ते थोडी सवलत देत.

खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझं गाव विचारलं नाही, आडनाव विचारलं नाही. "काय करता?" एवढंच विचारलं.

"वर्तमानपत्रात आहे."

"कच्चा माल काय?"

मला प्रश्न कळला नाही. त्यांनी तो समजावून सांगितला. कागद, शाई, वीज हे त्यांना ठाऊक होतं. त्याखेरीज आत काय घालता?

"बातमी."

"नापास बातमीचं काय करता?"

"टाकून देतो."

"टाकून?" ते खरोखर अस्वस्थ झाले. "परत दळत नाही?"

मी नाही म्हणालो. खोली मिळाली. पुढे एका उन्हाळ्यात आमच्या अंकात तापमानाची बातमी आली. कडक ऊन, ओस रस्ते, डोक्याला रुमाल बांधलेली माणसं. नानांनी ती वाचली, रद्दीतून आदल्या वर्षीचा अंक काढला, दोन्ही शेजारी ठेवले आणि मला खाली हाक मारली. "दळता की हो, पत्रकार," ते समाधानाने म्हणाले. "मग नाही कशाला म्हणालात?"

कच्चा माल काय, हा प्रश्न ते सगळ्यांना विचारत. बँकेतल्या कारकुनाला विचारत. लग्नात भेटलेल्या नवऱ्यामुलाला विचारत. दवाखान्यात डॉक्टरांनी गोळी लिहून दिली की ती घेण्याआधी विचारत. डॉक्टर औषधाचं नाव सांगत. नानांना ती पावडर दाबून गोळी कशी होते, दाबताना तिच्या कडा का तुटत नाहीत, आणि तुटल्या तर त्या गोळ्या कुठे जातात, हे हवं असे. एकदा डॉक्टर म्हणाले, "नाना, मला फक्त पोटात गेल्यावर काय होतं ते माहितीय." नानांनी घरी येऊन अक्कांना सांगितलं की माणूस चांगला आहे, पण फक्त विक्री विभागात आहे.

आगपेटी आणली की पहिली काडी ते नुसतीच ओढत. काडी पेटली, विझली, पेटी पास. खराट्याच्या मुठीतली एक काडी वाकवून मोडत. छत्री आणली की ती अंगणात उघडून अक्कांना वरून तांब्याने पाणी ओतायला लावत आणि स्वतः तिच्याखाली उभे राहत. ते अंगण रस्त्यावरून दिसत असे. एका एप्रिलमध्ये, कोरड्या ठाक दुपारी, छत्री धरून उभ्या असलेल्या नानांवर पाणी ओतणाऱ्या अक्का गल्लीतल्या अर्ध्या लोकांनी पाहिल्या आहेत.

"दुकानदाराला विचारा ना गळते का," अक्का म्हणत.

"दुकानदाराने कधी पावसात उभं राहून बघितलीय का?"

"मी बघितलीय का? माझ्याकडून कशाला ओतून घेता?"

"माल तपासणारा एक आणि यंत्र चालवणारा एक लागतो," नाना छत्रीतून सांगत.

नोकरीत असताना त्यांनी एकदा मला कारखाना दाखवला. आवारात भंगाराचे ढीग होते. फुटक्या बादल्या, टब, खुर्च्यांचे पाय, डब्यांची झाकणं. बायका ते रंगाप्रमाणे निवडत होत्या. निवडलेला माल धुतला जाई, यंत्रात त्याचा बारीक चुरा होई, चुरा वितळवून त्याचा दाणा पाडला जाई. तो दाणा पुन्हा वितळवून, रंग मिसळून त्याच्या लांबच लांब पोकळ काड्या ओढल्या जात. मग मागावर उभ्या दोऱ्यात त्या आडव्या काड्या विणल्या की चटई. कडेला पट्टी शिवली की माल तयार. मागांचा आवाज इतका होता की नाना माझ्या कानाशी ओरडून बोलत होते. सगळ्या टप्प्यांवर ते चटकन पुढे सरकत होते. थांबले ते शेवटच्या कोपऱ्यात. तिथे नापास चटयांची थप्पी होती आणि एक माणूस त्या चटया कापून पुन्हा चुऱ्याच्या यंत्रात ढकलत होता.

"बघा," नाना ओरडले. "वाया काही नाही. चूक झाली? परत आत. परत चूक झाली? परत आत!"

दर फेरीला रंग थोडा मळतो, असंही त्यांनी सांगितलं. तेवढी किंमत त्यांना मान्य होती. देवळात जसे लोक गाभाऱ्यापुढे थांबतात तसे ते त्या यंत्रापुढे थांबले होते, असं मी लिहिलं तर ते अतिशयोक्ती म्हणून खोडतील. म्हणून एवढंच लिहितो की त्यांनी चपला काढल्या नव्हत्या.

जळगावच्या चटया सगळीकडे जात, आणि त्याचा नानांना त्रास होई. कुठेही गेलं तरी त्यांचा माल तिथे आधी येऊन पसरलेला असे. अक्कांचं माहेर धुळ्याचं. त्यांच्या चुलत्यांचं निधन झालं तेव्हा नाना आणि अक्का दारावर बसायला निघाले. मृत्यू झालेल्या घरी जाऊन थोडा वेळ गप्प बसून यायचं, याला आमच्याकडे दारावर जाणं म्हणतात. मला त्याच दिवशी धुळ्यात काम होतं, म्हणून मीही त्यांच्याबरोबर एसटीत होतो आणि त्या घरीही गेलो. अंगणात मंडप, मंडपात चटया, चटयांवर पुरुषमंडळी. नाना बसले, आणि बसताक्षणी त्यांची मान खाली गेली. ती वर येईना. शेजारच्या वयस्कर गृहस्थांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "जावई फार जीव लावून होते," कुणीतरी हळूच म्हणालं. नानांची बोटं चटईच्या कडेवरून सरकत होती.

थोड्या वेळाने ते माझ्याकडे झुकले. "आमचीच," ते कुजबुजले. "दुसऱ्या पाळीची. शिवण सुटलीय. ही मी सोडली कशी?"

त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. धुळ्याच्या त्या घरात आजही नानांबद्दल फार चांगलं बोललं जातं. अक्कांना खरा प्रकार एसटीत कळला. पारोळ्याला गाडी थांबेपर्यंत त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "काकांना तरी पास केलंत का?"

नाना निवृत्त झाल्यावर घराची परिस्थिती अवघड झाली. रोज हजारो चटयांवरून फिरणाऱ्या नजरेला आता एक घर पुरेना. दूधवाल्याचं माप झालं, गॅसची नळी झाली, माझ्या सायकलचे ब्रेक झाले. केळीवाला त्यांची गल्ली टाळून पलीकडून जाऊ लागला, कारण फणीतलं एक केळं सोलून, चाखून मग बाकीची घ्यायची की नाही ते नाना ठरवत, आणि चाखलेलं केळं हिशेबात धरायला त्यांचा तत्त्वतः विरोध होता.

"तुमची पाळी संपली आता," अक्का सांगत. "सुटी घ्या."

याच सुमाराला अक्कांचं काम सुरू झालं.

खानदेशात उन्हाळा लागला की घरोघर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, होतात. ज्वारी तीन दिवस भिजत घालायची, मग ती भरडायची, कोंडा काढायचा, आणि मीठ, तिखट, लसूण, तीळ, जिरं घालून मोठ्या पातेल्यात रटरट शिजवायची. त्या शिजलेल्या लगद्याला घाटा म्हणतात. तो गरम असतानाच ओल्या कापडावर हाताने पातळ थापायचा, कापड खाटेवर उलटं टाकायचं आणि अलगद सोलून घ्यायचं. उन्हात कडकडीत वाळलं की वर्षभराचा डबा भरला. हे एकटीचं काम नाही. गल्लीतल्या बायका आज एकीच्या गच्चीवर, उद्या दुसरीच्या, अशा सगळ्यांचे डबे भरून देतात. अक्कांच्या हातची चव गल्लीत मानली जाई. दर वर्षी त्यांच्या बिबड्या पुण्याला, नाशिकला, सुरतेला नातेवाइकांकडे जात. तिकडून फोन येत, कौतुक होई, रिकामे डबे परत येत.

शेजारच्या सुमनबाईंचा भाचा सुरतेत किराणा दुकान चालवत असे. त्या भागात आपल्याकडचीच वस्ती. त्याने मावशीकडे अक्कांच्या हातच्या बिबड्या खाल्ल्या आणि अक्कांना फोन केला. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी चार खोकी पाठवा. माल वेळेवर आला आणि चालला तर पूर्ण हंगामभर घेतो. नाही जमलं तर नंदुरबारची एक बाई द्यायला तयार आहे, तिला सांगतो.

अक्का त्या दिवशी जिना चढून माझ्या खोलीपर्यंत आल्या. "भाऊ, आजवर माझा माल पिशवीतून जायचा," त्या म्हणाल्या. "आता खोक्यातून चाललाय." मला त्यांनी बातमी द्यायला सांगितलं नाही. फक्त सांगून गेल्या.

अक्का, सुमनबाई आणि गल्लीतल्या आणखी दोघी-तिघी कामाला लागल्या. पहाटे माझ्या खिडकीबाहेर चूल पेटे, घाट्याचा वास येई, आणि थोड्या वेळाने दारात वाटीभर गरम घाटा, वर कच्चं तेल, असा हप्ता ठेवला जाई. नाना बाजूला खुर्ची टाकून बसत. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

"अक्का, ही मधे जाड आहे."

"हाताची आहे ती."

"आणि ही त्या डब्याच्या झाकणापेक्षा मोठी."

"मग झाकण बदला."

सुमनबाई साक्रीकडच्या, त्या घरची बोली सोडत नसत. "नाना, तुम्ही एक थापी दखाडा," त्या म्हणत. थापून दाखवा, मग बोला. नाना हसून सांगत की तपासणाऱ्याने मालाला हात लावायचा नसतो, नजर बिघडते. बायका त्यावर इतक्या हसत की खालून कुणीतरी काय झालं म्हणून विचारी.

चारही खोकी भरून झाली. गाडी एक दिवस सोडून, संध्याकाळी होती. ट्रॅव्हल्सवाल्याशी बोलणं झालं होतं. त्या मधल्या दिवशी अक्कांना धुळ्याला भाचीच्या डोहाळजेवणाला जावं लागलं. सुमनबाईंनाही त्या घेऊन गेल्या. निघताना त्यांनी खोक्यांवर जुनी साडी घातली आणि नानांना म्हणाल्या, "लक्ष ठेवा." नानांनी या दोन शब्दांचा अर्थ आपल्या कामाच्या पद्धतीने घेतला.

दुपारी मी जेवायला घरी आलो तर गच्चीवर चूल पेटलेली. सगळ्यात मोठं पातेलं चुलीवर, आणि कपाळाला रुमाल बांधून नाना लाकडी दांड्याने ते ढवळत होते. शेजारी दोन टब पाण्याने भरलेले. खोकी उघडी.

"नाना, हे काय?"

"तपासणी झाली," ते धापा टाकत म्हणाले. "पास झाला तो माल त्या खोक्यात आहे. बाकीचा परत आत."

पास झालेल्या मालाने एका खोक्याचा तळ जेमतेम झाकला होता. बाकीच्या सगळ्या बिबड्या पाण्यात होत्या.

"अक्कांना विचारलंत?"

"विचारायचं काय त्यात? एकदा शिजलंय ते, परत शिजेल. संध्याकाळपर्यंत घाटा तयार. बायांनी येऊन नुसतं थापायचं. भरडणं वाचलं, भिजवणं वाचलं." त्यांनी दांडा थांबवला. "हे आजवर कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, याचंच आश्चर्य वाटतंय."

ते कुणाच्या लक्षात का आलं नव्हतं, हे तासाभरात कळलं. बिबड्यांच्या कडा पाण्यात विरघळल्या होत्या आणि मधले भाग चामड्यासारखे राहिले होते. शिजल्यावर त्याची खळ झाली. पोस्टर चिकटवायला आमच्या छपाई विभागात अशीच खळ करत. नानांनी ती ओल्या कापडावर थापली. हयातीत पहिल्यांदा त्यांनी काही थापलं असावं. कापड खाटेवर उलटं टाकलं, सोलायला गेले, आणि सगळं कापडाबरोबर वर आलं. दुसऱ्या कापडाचं तेच झालं. तिसऱ्याचं त्यांनी ठरवलं की थोडं वाळू द्यावं. जळगावच्या उन्हाने ते काम लवकर केलं. कापड पत्र्यासारखं ताठ झालं. नानांनी ते उचलून कठड्याला टेकवलं, तर ते उभं राहिलं.

मला ऑफिसला परतायचं होतं. निघालो तेव्हा नाना त्या उभ्या कापडापुढे उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर निराशा होती, पण थोडी उत्सुकताही होती.

संध्याकाळी मी आलो आणि माझ्या मागोमाग त्या दोघी आल्या. सुमनबाई आधी गच्चीवर पोचल्या.

"नाना, हाई काय शे?" मग त्यांनी टबात हात घातला आणि त्यांचा आवाज चढला. "अक्का! बठ्ठ्या बिबड्या पाणीमा! नाना, ती काय तुमनी चटई शे का?"

अक्का शांतपणे वर आल्या. टब बघितले, पातेलं बघितलं, कठड्याशी उभं असलेलं कापड बघितलं. हातातली पिशवी खाली ठेवली.

"कोणी नापास केल्या?"

"मी," नाना म्हणाले. "तुझं नाव खराब होऊ नये म्हणून. पहिलाच माल. काही जाड, काही पातळ..."

"गिऱ्हाईक कोण?"

"सुरतेचा तो."

"त्याने नापास केल्या?"

"त्याने अजून बघितल्याच नाहीत."

"हो ना," अक्का म्हणाल्या. "आता तो बघणारही नाही."

त्यानंतर त्या खाटेवर बसल्या. कारखान्यात नापास मालाचा पुढचा टप्पा काय हे नानांना ठाऊक होतं. इथे पुढचा टप्पा काय हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि ते कुणी सांगेना. ते पातेल्याजवळ उभे राहिले. मग त्यांनी चूल विझवली. विझवायची गरज नव्हती, ती विझलेलीच होती.

"उद्या सकाळी परत करू," ते म्हणाले. "मी ज्वारी आणतो."

"ज्वारी तीन दिवस भिजते," अक्का म्हणाल्या. "गाडी उद्या आहे." त्यांनी फोन हातात घेतला, भाच्याचा नंबर काढला आणि फोन तसाच मांडीवर ठेवला. नंदुरबारच्या त्या बाईचं नाव त्यांना माहीत नव्हतं. तरी ती त्या गच्चीवर येऊन बसल्यासारखी होती.

सुमनबाईंचा राग तोवर दुसऱ्या कामाला लागला होता. "मना डबा भरेल शे," त्या म्हणाल्या. "वरीसभरना. मी ली येस." आणि जिना उतरल्या.

वर्षभराचा डबा रिकामा करायचा म्हणजे काय, हे तिथे सगळ्यांना कळत होतं. अक्का "नको गं" म्हणाल्या, पण सुमनबाई तोवर खाली पोचल्या होत्या. थोड्या वेळाने त्या डबा घेऊन आल्या आणि त्यांच्यामागे गल्लीतल्या इतर दोघी-तिघी, प्रत्येकीच्या काखेत एक डबा. कुणाच्या बिबड्या लालसर, कुणाच्या फिकट. कुणाच्या हातभर, कुणाच्या तळव्याएवढ्या. एकीने लसूण घातलाच नव्हता. अक्कांनी आपलाही डबा काढला. सगळ्या खाटेवर एकत्र झाल्या आणि खोक्यांत भरल्या जाऊ लागल्या. नाना मदतीला पुढे आले. त्यांनी एक बिबडी उचलली आणि सवयीने उजेडाकडे धरली.

"खाली ठेवा," चारपाच बायका एकदम म्हणाल्या.

नानांनी ती खाली ठेवली. नंतर त्यांना खोकी दोरीने बांधायचं काम मिळालं. गाठी उत्तम मारल्या होत्या, असं मी तटस्थपणे नोंदवतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चार खोकी ट्रॅव्हल्सच्या डिकीत चढली. त्यानंतर आखाजीपर्यंत अक्कांनी फोन कमरेला खोचूनच ठेवला. सुरतेहून फोन आला तो आखाजीच्या आदल्या दिवशी, मी गच्चीवर कपडे वाळत घालत असताना. भाचा नेहमीसारखा मोठ्याने बोलत होता, त्यामुळे मलाही ऐकू आलं. माल संपत आला आहे. पुढच्या आठवड्यात आणखी चार खोकी. आणि अक्का, लसूण नसलेल्या थोड्या वेगळ्या बांधता येतील का, काही गिऱ्हाइकं मागताहेत.

"येतील," अक्का म्हणाल्या. फोन ठेवला आणि माझ्याकडे वळल्या. "तिला सांगायला हवं. ती लसूण विसरली होती."

हिशेब तेवढ्यावर मिटला नाही. रिकामे झालेले डबे भरून देणं बाकी होतं, आणि ते कोण भरून देणार हे बायकांनी नानांना न विचारता ठरवलं. त्या उन्हाळ्यात नाना दर पहाटे कुणाच्या ना कुणाच्या गच्चीवर असत. आधी त्यांना घाटा ढवळायला दिला, कारण त्याला ताकद लागते. मग सुमनबाईंनी कापड पुढे केलं.

"बसा, नाना. थापा."

नाना मांडी घालून बसले. त्यांनी हात ओला केला, गोळा घेतला आणि चटके सोसत थापायला लागले. बिबडी एका बाजूला नदीसारखी पसरली आणि मधे टेकडी राहिली. वाळल्यावर सुमनबाईंनी ती उन्हाकडे धरली. एका भोकातून ऊन थेट त्यांच्या नाकावर पडलं.

"नापास," त्या म्हणाल्या.

पहिल्या दिवसाच्या सगळ्याच नापास झाल्या. नानांनी त्या गोळा केल्या, थप्पी सारखी करून घेतली आणि इकडेतिकडे बघितलं. पाण्याची बादली हाताशी होती. अक्कांनी ती उचलून पलीकडे ठेवली.

"मग यांचं करायचं काय?" नानांनी विचारलं. प्रश्न प्रामाणिक होता.

"घरी न्यायच्या," अक्का म्हणाल्या. "खायच्या."

ही व्यवस्था त्यांनी आजवर कुठल्याच कारखान्यात पाहिली नव्हती. पण थप्पी काखेत मारून ते घरी आले. संध्याकाळी अक्कांनी त्यातल्या काही निखाऱ्यावर भाजल्या, शेंगदाणे आणि कांदा काढला, आणि मला खाली हाक मारली. नानांनी पहिला तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला.

"मधे जाड लागतेय," ते म्हणाले.

"दात आहेत ना अजून?" अक्का म्हणाल्या, आणि दुसरी बिबडी त्यांच्या ताटात टाकली.